कुलूपबंद यंत्र आणि कार्यकर्त्याचे हात

तालुक्याच्या गावातील पक्ष-कार्यालयाचे चित्र गेल्या काही वर्षांत थोडे बदलले आहे. भिंतीवरील तसबिरी, कोपऱ्यातील झेंड्यांच्या काठ्या आणि जुन्या अंकांचे गठ्ठे पूर्वीचेच आहेत. पण मधल्या टेबलावर एक जुना लॅपटॉप येऊन बसला आहे. कुणा निवृत्त शिक्षकाने किंवा शहरात नोकरीला असलेल्या हितचिंतकाने तो दिलेला असतो. त्याचे वय दहा-बारा वर्षांचे. मूळची विंडोज प्रणाली त्याला पेलेनाशी झाली म्हणून एखाद्या विद्यार्थी कार्यकर्त्याने त्यावर लिनक्स बसवलेले असते. सकाळी दहाला कार्यालय उघडते तेव्हा दाराशी बांधकाम मजूर, घरकामगार स्त्रिया, निवृत्तिवेतनासाठी खेटे घालणारे वृद्ध उभे असतात. कुणाच्या नोंदणीचे नूतनीकरण राहिलेले, कुणाचे नाव शिधापत्रिकेत अडलेले. सरकारची खिडकी आता पडद्यावर उघडते, आणि ती उघडण्यासाठी महाजालाची जोडणी लागते.

यंत्र सुरू होते, पडदा उजळतो आणि बिनतारी जोडणीच्या खुणेवर फुली दिसते. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले जाते. कधी तिसऱ्या खेपेस जोडणी जुळते, कधी जुळत नाही. दुपारी दोनच्या सुमारास तो जाणकार विद्यार्थी महाविद्यालयातून येतो, तीन आज्ञा टंकतो आणि जोडणी सुरू होते. तोवर बाया परत गेलेल्या असतात. त्यांच्या कामाचा खाडा झालेला असतो, रोज बुडालेला असतो, आणि उद्या पुन्हा यावयाचे असते.

या प्रसंगावर कार्यालयात दोन निवाडे ऐकू येतात. पहिला असा की यंत्र म्हातारे झाले, आता नवे घ्यावे. दुसरा असा की लिनक्स हा फुकटचा माल, त्याच्याकडून अधिक अपेक्षा ती काय करावयाची? दोन्ही निवाडे चुकीचे आहेत. विशेष म्हणजे, उत्पादनसाधनांच्या मालकीवर तासन्‌तास बोलणाऱ्या चळवळीच्या तोंडी ते शोभणारे नाहीत. त्या फुलीमागे यंत्राचे वार्धक्य क्वचितच असते. तिच्यामागे असते एक तर मालकाने घातलेले कुलूप, नाही तर वापरणाऱ्याने कधी उघडून न पाहिलेले दार. या दोहोंत फरक करता येणे हे आजच्या काळात राजकीय शिक्षणाचेच एक अंग आहे.

सुरू होतानाची साखळी

लॅपटॉप सुरू होतो तेव्हा पडद्यामागे एक साखळी उलगडत असते. प्रथम यंत्राच्या अंगचा मूळ कार्यक्रम जागा होतो आणि लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, स्मृतीत आणून बसवतो. कर्नल यंत्रातील सुट्या भागांची हजेरी घेतो. वायफायचे कार्ड सापडले की ते चालवणारा ड्रायव्हर पुढे केला जातो. येथवर सारा व्यवहार खुला असतो. कर्नलची प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते. परंतु अलीकडच्या बहुतेक कार्डांमध्ये स्वतःचा एक छोटा प्रक्रियक असतो आणि त्याला स्वतंत्र आज्ञावली लागते. तिलाच फर्मवेअर म्हणतात. पूर्वी ही आज्ञावली बहुधा कार्डावरील कायम स्मृतीच्या चिपमध्येच असे. खर्च वाचवण्यासाठी अनेक उत्पादकांनी ती चिप गाळली आणि यंत्र सुरू होताना दर वेळी संगणकानेच ती आज्ञावली कार्डाला भरवावी अशी योजना केली. त्यामुळे हे कार्ड रोज सकाळी कोऱ्या पाटीने उठते. ती फाइल जागेवर नसेल, तर ड्रायव्हर हजर, कार्ड हजर, तरी कार्ड मुकेच राहते.

फाइल मिळाली तरी साखळी संपत नाही. रेडिओला बोलण्याची मोकळीक आहे की त्याच्यावर बंदी आहे, हे पाहिले जाते. मग जवळपासच्या राउटरांचा शोध घेतला जातो, परवलीचा शब्द दिला जातो, राउटरकडून पत्ता घेतला जातो, आणि संकेतस्थळांच्या नावांचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या सेवकाशी गाठ पडते. यापैकी कोणताही दुवा निखळला तरी पडद्यावर उमटणारी तक्रार एकच असते: ‘नेट चालत नाही’. ताप हे जसे रोगाचे नाव नव्हे, तसे हे वाक्य म्हणजे निदान नव्हे.

निदानाची शिस्त

यंत्र पुन्हा पुन्हा बंद-चालू करणे हा एक प्रकारचा नवस आहे. एखाद्या वेळी तो फळतो आणि म्हणूनच तो घातक ठरतो. कारण फळलेला नवस माणसाला कारणांचा शोध घेऊ देत नाही. लिनक्सचा खरा गुण असा की तो आपले दुखणे लपवीत नाही. सुरू होतानाच्या प्रत्येक पावलाची नोंद तो रोजनाम्यात ठेवतो आणि ती नोंद मालकाला वाचू देतो. फर्मवेअरची फाइल सापडली नसेल तर तिचे नाव त्यात लिहिलेले असते. ज्याला इंग्रजी अक्षरे लावता येतात त्याने ती ओळ वहीत उतरवून घेतली, तरी निम्मे काम होते.

क्रम साधा आहे. पहिला प्रश्न: कार्ड यंत्राला दिसते काय? अंतर्गत उपकरणांची यादी देणारी आज्ञा याचे उत्तर देते. यादीत कार्डच नसेल तर ते आपल्या खाचेत सैल झाले असण्याचा किंवा खरोखर निकामी झाले असण्याचा संभव असतो, आणि मगच स्क्रू काढण्याची वेळ येते. दुसरा प्रश्न: त्याला कोणता ड्रायव्हर मिळाला? काही जुन्या कार्डांसाठी कंपनीचा बंद ड्रायव्हर आणि समुदायाचा खुला ड्रायव्हर असे दोघे दावेदार असतात. दोघेही एकाच कार्डावर हक्क सांगू लागले की कोणाचेच चालत नाही. एकाला रीतसर रजा द्यावी लागते. तिसरा प्रश्न फर्मवेअरचा, तो वर आलाच आहे.

चौथा प्रश्न बंदीचा. जुन्या लॅपटॉपच्या कडेला पुष्कळदा एक बारीक सरकते बटण असते. पिशवीत घालताना-काढताना ते सरकते आणि रेडिओ बंद होतो. ही बंदी कोणत्याही आज्ञेने उठत नाही. बोटानेच उठवावी लागते. दुसरी बंदी आज्ञावलीतील असते. ‘आरएफकिल’ ही आज्ञा दोन्ही बंद्या वेगवेगळ्या दाखवते. येथे सुरुवातीशी निगडित अशी एक खोच आहे. अनेक लिनक्स वितरणांत यंत्र बंद होताना रेडिओची स्थिती जपून ठेवली जाते आणि सुरू होताना तीच पुन्हा लागू केली जाते. कुणी एकदा चुकून विमान-प्रवासाची कळ दाबली, की ती बंदी रोज सकाळी आपोआप परत येते. यंत्र बिघडलेले नसते. ते आज्ञाधारकपणे कालची चूक पाळीत असते.

पाचवा प्रश्न कारभाऱ्यांचा. जोडणी सांभाळणारी एक सेवा नेमलेली असताना, एखाद्या जुन्या प्रयत्नात कुणी दुसऱ्याच फाइलमध्ये त्याच कार्डाची व्यवस्था लिहून ठेवलेली असते. पहिली सेवा ती पाहून मागे सरते आणि कार्ड अनाथ होते. परवलीचा शब्द एकाच वापरकर्त्याच्या खाजगी पेटीत ठेवला असेल, तर तो वापरकर्ता यंत्रात प्रवेश करीपर्यंत जोडणी होत नाही. कार्यालयाच्या यंत्रावर तो विद्यार्थी आपल्या नावाने बसला की सारे सुरळीत चालते, आणि इतर कोणी बसले की अडते, याचे रहस्य पुष्कळदा एवढेच असते. ती जोडणी ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ अशी नोंदवली की रहस्य संपते.

सहावा प्रश्न वेळेचा. ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला की कार्ड चालू होते, असे आढळले तर दोष बहुधा क्रमाचा असतो: सुरू होण्याच्या अगदी आरंभी, फर्मवेअर हाताशी येण्यापूर्वीच, ड्रायव्हर जागा झालेला असतो. विद्यार्थ्याच्या त्या तीन आज्ञांचे मर्म बहुतेक वेळा हेच असते. वेळेचा आणखी एक अर्थ शब्दशः घ्यावा लागतो. जुन्या लॅपटॉपमधील नाण्याएवढी बॅटरी मेली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. वायफाय जुळते, पण सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्या खोट्या तारखेला वैध नसल्यामुळे एकही पान उघडत नाही. सारा दोष नेटवर टाकला जातो, आणि खरा अपराधी घड्याळाच्या दुकानात मिळणारा एक बारीक सेल असतो.

एवढे सारे पाहूनही फर्मवेअरची फाइलच नाही असे निघाले, तर एक विलक्षण पेच उभा राहतो. जोडणीसाठी लागणारी फाइल महाजालावर आहे, आणि महाजालावर जाण्यासाठी तीच जोडणी हवी आहे. विहिरीतून पाणी काढण्याचा दोरच विहिरीच्या तळाशी पडावा, तसे हे आहे. यातून वाट आहे: राउटरपासून तारेने जोडणी घ्यावी, किंवा मोबाइल फोन यूएसबी तारेने लावून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला द्यावे. या मार्गाने येणारी जोडणी यंत्राला तारेचीच वाटते आणि वायफाय कार्डाच्या फर्मवेअरवाचून चालते. एकदा फाइल आणून बसवली की दुसऱ्या दिवशीची सकाळ सुखाची जाते. पण ही फाइल मुळात बाहेर का राहिली, हा प्रश्न तंत्राचा नाही.

कुलूप कोणाचे?

त्या प्रश्नाचे उत्तर चाळीस-पंचेचाळीस वर्षे मागे नेते. 1980 च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेसर मुद्रक आला. त्यात कागद वारंवार अडके. तेथील तरुण आज्ञावलीकार रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या मुद्रकात अशी सुधारणा केली होती की, अडथळा आल्यास वापरणाऱ्यांना निरोप जाई. नव्या मुद्रकात ते करता येईना, कारण त्याची मूळ आज्ञावली दिली गेली नव्हती. दुसऱ्या विद्यापीठातील ज्या संशोधकाकडे ती होती त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून ती नाकारली. एका अडलेल्या कागदातून स्टॉलमन यांना मालकीचे स्वरूप कळले. सप्टेंबर 1983 मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, 1985 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन उभे राहिले, आणि 1989 मध्ये तो परवाना आला ज्याने मालकी-हक्काच्या कायद्याचेच हत्यार उलटे फिरवले: आज्ञावली घ्या, वाचा, बदला, वाटा, पण पुढच्यालाही हेच हक्क द्या. 1991 मध्ये हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी कर्नल लिहावयास घेतले आणि पुढच्याच वर्षी ते या परवान्याखाली आणले. आजचे लिनक्स या दोन प्रवाहांच्या संगमातून उभे आहे.

बिनतारी कार्डे हे या संगमातील खडक ठरले. ब्रॉडकॉम या अमेरिकी कंपनीची कार्डे अनेक लॅपटॉपमध्ये असत, पण कार्ड कसे चालते याची माहिती कंपनी देत नव्हती. तेव्हा स्वयंसेवकांनी एक शिस्तबद्ध मार्ग काढला. एका गटाने कंपनीच्या बंद ड्रायव्हरचे वर्तन न्याहाळून केवळ वर्णन लिहिले. दुसऱ्या गटाने तो ड्रायव्हर न पाहता, फक्त वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. नक्कल केल्याचा आरोप येऊ नये म्हणून ही फारकत. 2006 मध्ये तो ड्रायव्हर कर्नलमध्ये आला. तरीही फर्मवेअर कंपनीच्याच मालकीचे होते आणि ते वाटण्याची परवानगी नव्हती. म्हणून वापरणाऱ्याने ते कंपनीच्या ड्रायव्हरमधून स्वतः कातरून काढावे, अशी सोय करावी लागली. जुन्या यंत्रावरील फुलीचा एक मोठा वंश येथून सुरू होतो. 2010 मध्ये कंपनीने नव्या कार्डांसाठी खुला ड्रायव्हर दिला. फर्मवेअर मात्र बंदच राहिले.

हे अपरिहार्य नव्हते. ॲथेरॉस या दुसऱ्या उत्पादकाने 2008 मध्ये आपल्या एका पिढीच्या कार्डांचा ड्रायव्हर खुला केला. त्या कार्डांना बाहेरून भरवावयाचे फर्मवेअर लागतच नव्हते. अशी कार्डे असलेले जुने लॅपटॉप आजही सहसा कुरकुर न करता जोडले जातात. धातू तोच, लहरी त्याच, बाजार तोच. फरक होता तो ज्ञान कोणाच्या कपाटात ठेवावयाचे या निर्णयाचा.

कंपन्यांचा एक युक्तिवाद येथे नोंदवला पाहिजे. रेडिओ लहरींवर सरकारचे नियंत्रण असते. आज्ञावली उघडी केली तर कोणीही शक्ती वाढवून इतरांच्या संदेशांत व्यत्यय आणील, असे त्या म्हणतात. युक्तिवाद पोकळ नाही, पण पुरेसाही नाही. कोयत्याने ऊस तोडता येतो आणि डोकेही फोडता येते. म्हणून कायदा डोके फोडणाऱ्याला शासन करतो, कोयत्याला धार कशी लावावी हे गुपित ठेवत नाही. नियमांचे पालन करणारे खुले ड्रायव्हर वर्षानुवर्षे चालू आहेत, हेच या युक्तिवादाला पुरेसे उत्तर आहे.

तडजोड आणि तिची कबुली

मालकीच्या या भिंतीसमोर खुल्या आज्ञावलीच्या चळवळीने काय करावे, यावर तिच्यात दीर्घ वाद झाला. समाजवादी कार्यकर्त्याला तो परका वाटू नये. त्याच्या पक्षाच्या इतिहासात तत्त्व आणि सोय यांचा झगडा पानोपानी आहे. डेबियन हे 1993 पासून स्वयंसेवकांनी चालवलेले लिनक्सचे वितरण. त्याने 1997 मध्ये एक सामाजिक करारनामा स्वीकारला आणि आपली प्रणाली शंभर टक्के मुक्त राहील असे वचन दिले. परिणामी बंद फर्मवेअर अधिकृत प्रतीबाहेर राहिले, आणि गरिबाच्या लॅपटॉपवर डेबियन बसवताना वायफाय अडू लागले. तत्त्व शुद्ध राहिले; भुर्दंड मात्र ज्याच्याकडे दुसरे यंत्र नव्हते त्याला बसला.

2022 मध्ये डेबियनच्या सदस्यांनी या प्रश्नावर मतदान घेतले. बंद फर्मवेअर अधिकृत प्रतीत घ्यावे असे ठरले, आणि त्यासाठी करारनाम्यात उघडपणे दुरुस्ती केली गेली. 2023 च्या आवृत्तीपासून तसे झाले. या फर्मवेअरसाठी वेगळा विभाग करण्यात आला, म्हणजे काय मुक्त आणि काय बंद हे कोणालाही ओळखता यावे. तडजोड करण्याची वेळ प्रत्येक चळवळीवर येते. ती सदस्यांच्या मताने झाली काय, जाहीर झाली काय, तिचे खाते निराळे ठेवले गेले काय, या तीन कसोट्या आहेत. मध्यरात्रीच्या बैठकांतून झालेल्या आणि सकाळी तत्त्वाच्या भाषेत मांडल्या गेलेल्या किती तडजोडी या कसोट्यांना उतरतील, याचा विचार राजकीय पक्षांनी करण्याजोगा आहे.

म्हातारे कोण ठरवतो?

आता पहिल्या निवाड्याकडे वळले पाहिजे: यंत्र म्हातारे झाले. विंडोज 10 या प्रणालीचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवण्यात आला. विंडोज 11 साठी विशिष्ट सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीनंतरचाच प्रक्रियक लागतो. त्यामुळे ज्यांचा पडदा, कळफलक आणि प्रक्रियक धडधाकट आहेत अशी असंख्य यंत्रे एका तारखेने निवृत्त ठरली. कामगाराला पन्नाशीत ‘स्वेच्छानिवृत्ती’ देणाऱ्या व्यवस्थेचीच ही यंत्रांपुरती आवृत्ती होय.

1929 मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. त्याच्या अटी आजही वाचनीय आहेत. किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी. यंत्र किमान वीस वर्षे चालावे. झिजलेल्या भागांचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. म्हणजे दुरुस्ती ही यंत्राच्या व्याख्येतच अंतर्भूत होती. राममनोहर लोहिया यांनी 1952 च्या पचमढी अधिवेशनात छोट्या यंत्राचा जो आग्रह मांडला, त्याचाही गाभा हाच होता की, यंत्र हे माणसाच्या आवाक्यात राहिले पाहिजे. लॅपटॉप आकाराने छोटा आहे. परंतु ज्याचे मर्म परदेशी कंपनीच्या तिजोरीत आहे ते यंत्र लोहियांच्या अर्थाने छोटे नव्हे.

लिनक्सच्या बाजूनेही सारे निर्दोष आहे असे नाही. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ने जुन्या बत्तीस बिटांच्या इंटेल यंत्रांसाठी प्रतिष्ठापनाची प्रत आणि कर्नल देणे बंद केले. तेथेही वय झालेल्यांना वगळले जाते. फरक असा की मूळ आज्ञावली सर्वांच्या हाती असल्याने ज्यांना ती यंत्रे चालवावयाची आहेत त्यांना ते काम पुढे नेता येते. दार बंद झाले तरी किल्ली गावातच असते.

भारतीय कायदा या बाबतीत कार्यकर्त्यांना वाटतो तितका प्रतिकूल नाही. 1957 च्या प्रताधिकार कायद्याचे कलम 52 आज्ञावलीच्या वैध धारकाला, ती इतर आज्ञावलींशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक आणि अन्यथा सहज न मिळणारी माहिती शोधून काढण्याची मुभा देते. डिसेंबर 2004 च्या पेटंट अध्यादेशाने आज्ञावलींना पेटंटचे दार किलकिले करून दिले होते. डाव्या पक्षांच्या विरोधामुळे 2005 च्या कायद्यात ती तरतूद टिकली नाही. संसदेतील त्या लढ्याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. तो लढा हरला असता, तर खुले ड्रायव्हर लिहिणाऱ्या भारतीय तरुणाच्या डोक्यावर आणखी एक टांगती तलवार राहिली असती. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्या वर्षअखेर एक संकेतस्थळही सुरू केले. पण उपकरणाची तांत्रिक माहिती देण्याची सक्ती करणारा कायदा केल्यावाचून हा हक्क कागदावरच राहील. ही मागणी कामगार संघटनांच्या आणि ग्राहक चळवळीच्या सनदेत यावयास हवी.

पक्षाच्या दारातले काम

मागण्या कराव्यातच; पण प्रत्येक दोष कंपन्यांच्या माथी मारून स्वतःची सुटका करून घेणे हेही प्रामाणिकपणाचे नाही. वर सांगितलेल्या कारणांपैकी निम्म्याहून अधिक कारणांचा मक्तेदारीशी काही संबंध नाही. सरकलेले बटण, जपून ठेवलेली बंदी, एकाच्या नावे ठेवलेला परवलीचा शब्द, मेलेला सेल, ही कुलपे कंपनीने घातलेली नाहीत. ती उघडली गेली नाहीत, कारण यंत्राकडे पाहणे हे ‘त्या मुलाचे’ काम आहे असे कार्यालयाने ठरवून टाकले.

येथे एक जुनी व्याधी नव्या वेषात दिसते. या देशात बोलणारे आणि राबणारे यांच्यात जातीने भिंत घातली. समाजवादी चळवळ त्या भिंतीविरुद्ध उभी राहिली. मग तिच्याच कार्यालयात ठराव लिहिणारे वेगळे आणि यंत्र चालवणारा वेगळा ही विभागणी का खपावी? जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना, वरच्या थरातून ज्ञान आपोआप खाली झिरपेल या कल्पनेवर नेमके बोट ठेवले होते. संगणकाचे ज्ञानही झिरपत नाही. तो विद्यार्थी उद्या पुण्याला नोकरीला जातो, आणि त्याच्या डोक्यातील तीन आज्ञा त्याच्याबरोबर जातात. बाया मात्र दाराशीच उभ्या राहतात.

यावरील उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक कार्यालयात लॅपटॉपशेजारी एक वही असावी. तिच्या पहिल्या पानावर कार्डाचे नाव, ड्रायव्हरचे नाव आणि फर्मवेअरच्या फाइलचे नाव लिहावे. पुढे दर वेळी काय बिघडले, यंत्राने काय सांगितले, काय केल्यावर सुधारले, हे मराठीत, तारखेनिशी नोंदवावे. विशेषतः कोणता उपाय चालला नाही हेही लिहावे, कारण अपयशाच्या नोंदीतूनच पुढच्याचा वेळ वाचतो. फर्मवेअरची फाइल एका पेनड्राइव्हमध्ये कार्यालयातच असावी, म्हणजे दोर विहिरीच्या काठावर राहील. कार्यकर्त्यांच्या शिबिरात एक तास यंत्राच्या रोजनाम्याचे वाचन व्हावे, आणि त्या तासाला घरकामगार संघटनेच्या स्त्रियांना पहिल्या रांगेत बसवावे. ज्यांचा रोज बुडतो त्यांना दोष ओळखण्याची सर्वांत अधिक निकड असते. देणगीतून यंत्र घेताना त्यातील कार्ड खुल्या ड्रायव्हरवर चालते काय, हे आधी विचारावे. आणि एखादे कार्ड कशानेच बधले नाही, तर लिनक्सला ओळखीचे असलेले यूएसबीचे छोटे वायफाय उपकरण काहीशे रुपयांत लावून काम पुढे न्यावे. त्यात तत्त्वाचा पराभव नाही. पाळी धरून उभ्या असलेल्या माणसाची पाळी चुकवून जपलेले तत्त्व काय कामाचे?

हे स्वप्नरंजन नव्हे. केरळात 2001 मध्ये सुरू झालेल्या शालेय संगणक-शिक्षण प्रकल्पाने पुढे मुक्त आज्ञावली स्वीकारली, आणि तेथील सरकारी शाळांतील मुले लिनक्सवरच संगणक शिकत मोठी झाली. शिक्षकांना यंत्र दुरुस्त करण्याइतके तयार करणे हा त्या कामाचाच भाग होता. महाराष्ट्रात मात्र संगणक-साक्षरता म्हणजे एका कंपनीच्या पडद्याची ओळख, असेच समीकरण दीर्घकाळ राहिले. ज्या भूमीत सत्यशोधकांनी शाळा उघडल्या, त्या भूमीतील पक्षाने निदान आपल्या कार्यालयापुरते तरी हे समीकरण मोडावे.

सकाळी दहाला यंत्र सुरू होईल आणि कधी तरी पुन्हा फुली दिसेलच. त्या वेळी कार्यालयातील कोणीही, शिपाई असो वा जिल्हा चिटणीस, वही उघडून पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू शकला, तर दाराशी उभ्या असलेल्या बाईला दुपारपर्यंत थांबावे लागणार नाही. तिचे काम साडेदहाला होईल आणि ती आपल्या कामावर जाईल. ज्ञानाच्या समाजीकरणाचा पहिला हप्ता एवढाच आहे, आणि तो देण्यासाठी सत्ता हाती येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.